जुन्या कॉमिकला लाखोंचा भाव कशामुळे येतो?

नोव्हेंबर १९९२मध्ये ‘सुपरमॅन’चा ७५वा अंक बाजारात आला. सुपरमॅन मरतो तो हा अंक. काळ्या पिशवीत बंद, वर रक्ताळलेलं बोधचिन्ह. पुढे सोन्याचा भाव येईल या आशेने अमेरिकेत लोकांनी एकेकाने पाच-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न फोडता जपून ठेवल्या. अंक लाखोंनी खपला आणि लाखोंनीच टिकला. तीस वर्षं उलटून गेली तरी त्याची साधी बंद प्रत आजही किरकोळ किमतीला मिळते.

आता ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ घ्या. अंकावर तारीख जून १९३८, किंमत १० सेंट, सुपरमॅनचं पहिलं दर्शन. छपाई सुमारे दोन लाख प्रतींची झाली असं मानतात आणि आज त्यातल्या शंभरच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. ८.५ ग्रेडची (म्हणजे अवस्थेला १०पैकी ८.५ गुण मिळालेली) एक प्रत एप्रिल २०२४मध्ये ६० लाख डॉलरला गेली. १९३९च्या ‘सुपरमॅन’ क्रमांक १च्या ९.० ग्रेडच्या प्रतीने नोव्हेंबर २०२५मध्ये ९१ लाख २० हजार डॉलर गाठले.

दोन्हीकडे नायक एकच. फरक इतकाच की १९३८मध्ये कुणीही कॉमिक जपून ठेवायचं म्हणून विकत घेतलं नव्हतं. पोरांनी ते वाचलं, गुंडाळी करून खिशात कोंबलं, मित्राच्या अंकाशी अदलाबदल केली आणि शेवटी घरच्यांनी रद्दीत काढलं. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत ढिगांनी अंक लगद्यात गेले. युद्धानंतर ‘कॉमिक्समुळे मुलं बिघडतात’ ही ओरड सुरू झाली आणि काही गावांत तर त्यांच्या होळ्या पेटल्या. एवढ्यातून सुटलेली प्रत, तीही धड अवस्थेतली, हातात पडते तेव्हा तिच्या किमतीत हे सगळं धरलेलं असतं.

म्हणून कुणी ‘माझ्याकडे खूप जुनं कॉमिक आहे’ म्हणालं की वयावर थांबू नये. मागणी किती आणि चांगल्या अवस्थेतल्या प्रती किती, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. १९४०च्या दशकातले प्राण्यांच्या गमतीजमतीचे कित्येक अंक ‘ॲक्शन’पेक्षाही दुर्मिळ आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी रात्र जागवत नाही, म्हणून ते स्वस्त. उलट ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१ (नोव्हेंबर १९७४) मुळीच दुर्मिळ नाही. ग्रेड केलेल्या त्याच्या हजारो प्रती आहेत, दर आठवड्याला कुठे ना कुठे विकायला असतात. तरी तो महाग, कारण वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन त्यात आहे आणि तो अंक हवा असणारे प्रतींपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

‘पूर्ण दर्शन’ मुद्दाम म्हटलं. वुल्व्हरिन खरं तर आधीच्या, म्हणजे १८०व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत उगवतो. तरी बाजाराने कौल १८१ला दिला, कारण मुखपृष्ठावर तो आहे आणि झुंजही त्यातच आहे. असे कौल कुठल्या नियमाने लागत नाहीत, संग्राहकांच्या सवयीने लागतात, आणि एकदा लागले की सहसा बदलत नाहीत. पहिल्या दर्शनाचे अंक नेहमी वरचढ: ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ (मे १९३९, बॅटमॅन), ‘शोकेस’ क्रमांक ४ (ऑक्टोबर १९५६, नवा फ्लॅश, इथून सुपरहिरो कॉमिक्सचा दुसरा बहर, म्हणजे रौप्ययुग, सुरू झालं असं धरतात), ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५ (ऑगस्ट १९६२, स्पायडरमॅन). या शेवटच्या अंकाची ९.६ ग्रेडची प्रत सप्टेंबर २०२१मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. त्याखालोखाल मालिकेचा पहिला अंक, महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू, नायकाची जन्मकथा.

पण मुखपृष्ठाचं बळ कमी लेखू नका. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’ क्रमांक १वर (मार्च १९४१) कॅप्टन हिटलरला ठोसा लगावतोय, आणि अंक विक्रीला आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. ॲलेक्स शोम्बर्ग, एल. बी. कोल, मॅट बेकर या चित्रकारांची मुखपृष्ठं असलेले अंक आतली कथा न बघता घेतले जातात. १९५४मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली आशयाची नियमावली, आला आणि भयकथांचा धंदाच बसला. त्याआधीच्या भयकथांच्या अंकांना पहिल्या दर्शनाची गरजच लागत नाही, मुखपृष्ठ जितकं भयानक तितका भाव.

एकाच अंकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर किमतीत वीसपट फरक असू शकतो, आणि तो कधी कधी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातल्या अर्ध्या इंचात असतो. १९७६ आणि १९७७मध्ये मार्व्हलने भाववाढ करण्याआधी मोजक्या शहरांत नवी किंमत छापून अंदाज घेतला: आधी २५ऐवजी ३० सेंट, पुढच्या वर्षी ३०ऐवजी ३५ सेंट. बाकी अंक हुबेहूब तोच. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ क्रमांक १ची ३५ सेंटवाली प्रत याच कारणाने प्रसिद्ध आहे. गोंधळ असा की त्या अंकाच्या पुनर्मुद्रणावरही ३५ सेंटच छापलेत. म्हणून नुसती किंमत बघून हुरळू नका, खाली डावीकडचा बारकोड बघा: अस्सल चाचणी-प्रतीत किंमत चौकोनात असते आणि बारकोडच्या रेघा असतात. रेघांची जागा मोकळी किंवा किंमत पत्त्यांतल्या चौकटसारख्या तिरप्या आकारात असेल, तर ती अस्सल चाचणी-प्रत नव्हे.

कॅनडासाठी वेगळ्या किमतीचे अंक १९८०च्या दशकात छापले गेले. तेही मूळ छपाईच्या मानाने थोडे. याच काळात वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर जाणारी प्रत आणि कॉमिक्सच्या दुकानात जाणारी प्रत वेगळी ओळखता येऊ लागली. स्टॉलवरच्या प्रतीला बारकोड, दुकानाच्या प्रतीला त्या चौकटीत चित्र किंवा घोषवाक्य. स्टॉलवरच्या प्रती हाताळल्या जायच्या, न खपलेल्या परत जाऊन नष्ट व्हायच्या, म्हणून चांगल्या ग्रेडमध्ये त्या कमी सापडतात. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्रमांक ३०० (मे १९८८) घेताना हा फरक पाहावाच. छोट्या प्रकाशकांचं गणित आणखी सरळ: १९८४च्या ‘टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स’ क्रमांक १ची पहिली छपाईच सुमारे ३,००० प्रतींची होती.

अवस्था: खरी लढाई इथे

ग्रेडची पट्टी ०.५ ते १०.० अशी आहे. ९.४ म्हणजे जवळजवळ नवा, ८.० म्हणजे फारच चांगला, ६.० नीटनेटका, ४.० वापरलेला पण धड, २.० चांगलाच झिजलेला पण पूर्ण. २०००पासून सीजीसीसारख्या कंपन्या अंक तपासून, ग्रेड देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. त्यालाच स्लॅब म्हणतात. ग्रेड आणि किंमत सरळ रेषेत चालत नाहीत. २.०वरून ४.०वर जाताना भाव बेताने वाढतो, ९.६वरून ९.८वर जाताना तो उडी मारतो, कारण वरच्या टोकाला प्रती मोजक्या आणि त्यांच्या मागे लागलेले लोक हट्टी.

स्लॅबमध्ये नसलेली प्रत हातात आली की घाई न करता एका क्रमाने बघावी. हात धुऊन कोरडे करा. अंक पिशवीतून काढण्याआधी पिशवीचा तळ बघा: तिथे तपकिरी चुरा पडलेला असेल तर कागद ठिसूळ झालाय, आणि याला कुठलाच इलाज नाही. पिशवीचा फडका चिकटपट्टीने बंद केलेला असतो. ती पट्टी पूर्ण काढा किंवा फडका मागे दुमडून तिथेच चिकटवा. नाहीतर अंक बाहेर सरकवताना पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि शाईचा पापुद्रा घेऊनच सुटते. चांगल्या ग्रेडचे किती अंक असे एका क्षणात खराब झाले असतील याची गणती नाही.

मग अंक सपाट टेबलावर ठेवून दिव्याचा उजेड बाजूने, तिरपा पाडा. समोरून पडणाऱ्या उजेडात गुळगुळीत वाटणारं मुखपृष्ठ तिरप्या उजेडात सगळं सांगून टाकतं: अंगठ्याच्या दाबाचे खळगे, वरून काही लिहिल्याचे वळ, हलक्या घड्या. प्रत्येक घडीला एकच प्रश्न विचारायचा, रंग तुटलाय का? घडीत शाई तशीच असेल तर दोष सौम्य आणि प्रेसिंगने, म्हणजे दाबून सपाट केल्याने, जाण्याजोगा. शाई फुटून पांढरी रेघ दिसत असेल तर तो दोष कायमचा. कण्यावर पिनांच्या आसपास आडव्या बारीक पांढऱ्या रेघा असतात, अंक उघडताना ताण पडल्याच्या. त्या मोजा. गडद मुखपृष्ठावर त्या ओरडून दिसतात. म्हणूनच ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्रमांक २८ (सप्टेंबर १९६५), ज्याचं मुखपृष्ठ जवळजवळ काळंच आहे, वरच्या ग्रेडमध्ये मिळणं इतकं कठीण. ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ क्रमांक १ची (१९७५) गोष्ट वेगळी: त्याचा कणा चपटा, डिंकाने चिकटवलेला, आणि तो एका वाचनातही तडकू शकतो.

काही दोष छापखान्यातूनच आलेले असतात. १९६०च्या आसपासच्या मार्व्हल अंकांच्या उजव्या कडेला बारीक खवले उडालेले दिसतात, कारण कडा कापणारं पातं बोथट होतं. ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५मध्ये हे हटकून आढळतं. कुणी हाताळून केलेलं नसलं तरी ग्रेड त्यानेही उतरतो. मुखपृष्ठ तिरकं बसलेलं असेल तर वरच्या ग्रेडची प्रतसुद्धा बघवत नाही. दोन सारख्या ग्रेडच्या प्रतींत मी नेहमी नीट बसलेल्या मुखपृष्ठाचीच शिफारस करेन.

आता पिना. गंज नुसता पिनेवर आहे की कागदात उतरलाय? कागदात उतरलेला तपकिरी डाग पसरत जातो आणि शेवटी तिथून कागद सुटतो. अंक पिवळसर आणि पिना मात्र चकचकीत असतील तर त्या बदललेल्या असण्याची शक्यता आहे. मधलं पान उघडून पिनेचे पाय आणि कागदाची भोकं जुळतात का ते बघा; एका पिनेला दोन भोकं दिसली की शंका पक्की.

पानं मोजायलाच हवीत. आतल्या ३२ पानांच्या अंकात एकदा दुमडलेले आठ ताव असतात, १९३८-४०च्या ६४ पानांच्या अंकात सोळा. मधला ताव गायब असला तरी वाचताना चटकन लक्षात येत नाही, कारण बऱ्याचदा त्यावर जाहिराती असतात. आणि ‘हल्क’ १८१ घेताना पत्रव्यवहाराचं पान उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. १९७४पासून मार्व्हलने या पानांवर कापून वहीत चिकटवायचे छोटे स्टॅम्प छापले, आणि वाचक मुलांनी ते इमानदारीने कापले. स्टॅम्प कापलेली प्रत बाहेरून देखणी असते, पण ती अपूर्ण, आणि किंमत पूर्ण प्रतीच्या जवळपासही पोचत नाही.

शेवटी पानांचा रंग. कॉमिक्स स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या कागदावर छापली जात. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेडाने पिवळं पडतं, कागदातलं आम्ल तंतू तोडत जातं. पांढरी, मळकट पांढरी, साय-रंगी, मग तपकिरी आणि ठिसूळ अशी ही उतरण. ग्रेड सारखा असताना पांढऱ्या पानांची प्रत अधिक भाव खाते, आणि ते योग्यच आहे, कारण ती पुढेही जास्त टिकणार. १९७७मध्ये डेन्व्हरच्या चक रोझान्स्कीने एडगर चर्च नावाच्या माणसाचा कॉमिक्सचा संग्रह विकत घेतला, तो याचा सर्वांत मोठा पुरावा. कोलोरॅडोच्या कोरड्या, थंड हवेत अंकांच्या थप्प्या घट्ट रचून ठेवलेल्या, उजेड नाही, हवा खेळती नाही. १९४०च्या आसपासचे अंक, पण पानं पांढरीशुभ्र आणि रंग नवे. ‘माइल हाय’ हे नाव (रोझान्स्कीच्या दुकानाचं, आणि त्यावरून या संग्रहाचं) लेबलवर असलं की आजही त्याच ग्रेडच्या दुसऱ्या प्रतीपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात.

दुरुस्ती, आणि ती लपवणं

दुरुस्ती वाईट नसते. न सांगता केलेली दुरुस्ती वाईट. फाटलेलं जोडणं, उडालेल्या रंगावर रंग लावणं, तुटलेल्या कोपऱ्यात नवा कागद बसवणं, हे सगळं केलेल्या अंकाला सीजीसी जांभळं लेबल देते आणि तो दुरुस्ती नसलेल्या, निळ्या लेबलच्या प्रतीपेक्षा बराच स्वस्त जातो. काळ्या कण्यावर फिरवलेला मार्कर ही सर्वांत जास्त सापडणारी लबाडी. मुखपृष्ठ उघडून आतल्या बाजूने बघा: मार्करची शाई कागदातून झिरपून मागे उमटते, छापखान्याची तशी उमटत नाही. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत फिरवला की डिंक, चिकटपट्टीचे अवशेष आणि वरून लावलेला रंग आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळे चमकतात. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५०नंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे १९४०चा म्हणून विकला जाणारा अंक या उजेडात निळसर-पांढरा झळकला तर तो अंक किंवा त्यातला तो तुकडा नंतरचा आहे.

कडा कापून घेणं सर्वांत घातक. झिजलेली कड एक-दोन मिलिमीटर कापली की अंक नवा दिसतो, आणि कापलेलं परत येत नाही. त्याच मालिकेचा, त्याच वर्षाचा दुसरा अंक शेजारी ठेवून उंची-रुंदी मोजा. कडा संशयास्पद ताज्या आणि बाकीचा अंक दमलेला असेल तर खरेदी सोडून द्या.

प्रेसिंगचं वेगळं. मोजकी ओल, मग उष्णता आणि दाब देऊन रंग न तुटलेल्या घड्या सपाट करतात. ग्रेड देणाऱ्या कंपन्या हे दुरुस्तीत धरत नाहीत आणि ८.५ची प्रत कधी कधी याने ९.२पर्यंत जाते. पण ओल-उष्णतेचा अंदाज चुकला की मुखपृष्ठ आकसतं आणि आतली पानं उजवीकडून बाहेर डोकावू लागतात. ठिसूळ कागदाचा अंक प्रेसिंगला देऊच नये.

नकली प्रतींपेक्षा पुनर्मुद्रणांनीच लोक जास्त फसतात. १९७४मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे डीसीने, ‘ॲक्शन’ क्रमांक १ची मोठ्या आकाराची प्रतिकृती काढली. तिचं जाड बाहेरचं आवरण काढलं की आत हुबेहूब मूळ मुखपृष्ठ, १० सेंट किमतीसकट. ओळखायला फूटपट्टी पुरते: प्रतिकृती साधारण १० बाय १३½ इंच, मूळ अंक साडेसात-पावणेआठ इंच रुंद. १९६६मध्ये मार्व्हलचे काही पहिले अंक ध्वनिमुद्रिकेसोबत पुन्हा छापले गेले. त्यांच्या मुखपृष्ठावर किंमतच नाही. कुठल्याही अंकात पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आत बारीक टायपात महिना, वर्ष, प्रकाशक असतो. विक्रेत्याकडून आधी त्याचा फोटो मागवा.

स्लॅब असला तरी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून अंक, ग्रेड आणि असल्यास फोटो जुळवून बघा. तिथेच कुठल्या ग्रेडच्या किती प्रती नोंदल्या आहेत हेही कळतं. तो आकडा थोडा फुगलेलाच समजा, कारण जास्त ग्रेडच्या आशेने लोक स्लॅब फोडून तीच प्रत परत पाठवतात आणि जुनी नोंद नेहमीच काढली जाते असं नाही.

भावाचा अंदाज घेताना विक्रेत्याने मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विक्रीच्या बघा, त्याही त्याच ग्रेडच्या आणि गेल्या काही महिन्यांतल्या. चित्रपटाची घोषणा झाली की त्यातल्या पात्राचं पहिलं दर्शन भडकतं, आणि बऱ्याचदा चित्रपट लागेपर्यंत उतरतंही. घोषणेच्या आठवड्यात विकावं, घेऊ नये. बजेट ठरलेलं असेल तर दुय्यम अंकाच्या ९.८ प्रतीपेक्षा पहिल्या फळीच्या अंकाची ३.०ची, पण पूर्ण आणि दुरुस्ती न केलेली प्रत मला केव्हाही सरस वाटते. मंदीतही तिला गिऱ्हाईक मिळतं.

आणि घेतलेला अंक टिकवायचा असेल तर पिशवी पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची घ्या. पॉलिप्रोपिलिनची स्वस्त पडते, पण काही वर्षांनी पिवळी, लाटदार होते आणि बदलावी लागते. पीव्हीसी अजिबात नको, त्यातून सुटणारं रसायन शाईला चिकटतं. मागे आम्लरहित, कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला पुठ्ठा ठेवा; एकाच बाजूने मुलामा असेल तर ती बाजू अंकाकडे. अंक खोक्यात उभे, फार सैल नाहीत आणि फार घट्टही नाहीत. सैल असले की वाकतात. उजेड नको, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, आणि खोकं जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको. दमट कोपऱ्यात पिना आधी गंजतात, मग बुरशी येते आणि कसर लागते. वर्षातून एकदा प्रत्येक खोकं उघडून वास घ्या. कुबट वास आला तर तो अंक त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा.